खिडकीतला बाण

विकायचं घर आणि राहतं घर यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर ज्युली तुस्कानो म्हणायची, "विकायच्या घरात चपला नसतात."

घराचे फोटो काढायला गेली की तिचं पहिलं काम तेच. दाराशी पसरलेल्या चपला उचलून कपाटात घालायच्या. मग फ्रिजवरची औषधांची पाकिटं, बेसिनवरचे ब्रश, दोरीवरचे टॉवेल, भिंतीवरचं वाण्याने दिलेलं कॅलेंडर. देव्हाऱ्याला मात्र ती हात लावायची नाही. "देवाला तुम्हीच सांगा थोडं बाजूला व्हायला," असं घरमालकिणीला म्हणायची, आणि बहुतेकजणी हसून स्वतःच आवरून घ्यायच्या. वसईजवळ गिरीजच्या वाडीत, चर्चच्या घंटेच्या आवाजात वाढलेल्या बाईने दुसऱ्याच्या देवाच्या बाबतीत मागेच राहावं, ही तिच्या आईची शिकवण होती. ज्युलीने ती कधी मोडली नाही.

वसईगावात तिच्या वडिलांचा स्टुडिओ होता. लग्नं, बाप्तिस्मे आणि मयतं. मयताच्या वेळी शवपेटीभोवती सगळं घर उभं करून फोटो काढायची तिथली रीत, आणि त्या फोटोत गेलेलं माणूस झोपल्यासारखं दिसलं पाहिजे हा वडिलांचा आग्रह. उजेड कुठून घ्यायचा हे ज्युली तिथे शिकली. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओच्या जागी चष्म्याचं दुकान झालं, आणि वडील गेल्यावर ज्युलीने घरांकडे मोर्चा वळवला. वसई-विरारला इमारतींची काय वाण.

पुढे चहूबाजूंनी एकदम चित्र टिपणारा गोल कॅमेरा आला. तो खोलीच्या मधोमध उभा करायचा आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं, कारण त्याला पाठ नसते. मोबाइलवर बटण दाबताना ज्युली कुणाच्या तरी दारामागे, नाहीतर मोरीत लपलेली असायची. तिचा नवरा मार्सेल शाळेत शिक्षक. तो तिला चिडवायचा, "लोकांच्या न्हाणीघरात लपून संसार चालवणारी वसईत तू एकटीच."

"आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये लपून चालवणारा तू," ती म्हणायची.

जमवलेल्या चित्रांची ती टूर बनवायची. घर घेणाऱ्याने कुठेही बसून फोनवर ती उघडायची. जमिनीवर पांढरे बाण असतात, त्यावर बोट टेकवलं की हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बेडरूममध्ये. हे सगळेच करतात. ज्युलीने त्यात स्वतःची एक भर घातली. तिने खिडकीवर बाण लावला. खिडकीला बोट लावलं की माणूस खिडकीतून बाहेर निघायचा आणि उंचावर, मोकळ्या आभाळात तरंगायचा. त्यासाठी ती गच्चीच्या कठड्यावरून लांब काठीला कॅमेरा बांधून बाहेर धरायची. जितेश नावाचा जो दलाल तिला कामं द्यायचा, त्याने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा फोन दोनदा खालीवर केला आणि म्हणाला, "मॅडम, माणूस टोकन द्यायच्या आधीच हवेत."

तेव्हापासून जितेशच्या प्रत्येक टूरमध्ये खिडकीवर बाण असायचा. ज्युलीला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा.

विरारच्या फुलपाड्याचा फ्लॅट श्रीरंग म्हणून एका निवृत्त गृहस्थांचा. बायको गेलेली, मुलगी सांगलीला, तिच्याकडे जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. चौथा मजला. जुनी इमारत, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, हॉलमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागेल असा अंधार. बेडरूमच्या खिडकीतून तेवढा जीवदानीचा डोंगर दिसायचा, पण तोही ग्रिलच्या गजांमधून. ग्रिल बाहेर काढलेलं, पेटीसारखं, त्यात तुळस, कोरफड आणि रिकामे डालडाचे डबे.

जितेश खिडकीशी उभा राहून म्हणाला, "हे जेल वाटतंय. डोंगर हाच आपला फ्लॅट आहे, बाकी काय नाहीये इथे. मॅडम, ग्रिल कॉम्प्युटरवर उडवता येईल ना?"

"येईल."

"काका, चालेल ना?"

"मला काय," श्रीरंग म्हणाले. "गिऱ्हाईक आलं की बघेलच."

ज्युलीने पलंग कोपऱ्यातून ओढून खिडकीखाली आणला, कारण उजेड तिथेच पडत होता. वर पांढरी चादर घातली. आणि संध्याकाळी घरी बसून एकेक गज पुसून टाकला. गज गेले, डबे गेले, तुळस गेली. उरली ती मोकळी खिडकी, खाली शुभ्र पलंग आणि पलीकडे पायऱ्यांची रेघ वर चढत गेलेला हिरवा डोंगर. तिने खिडकीवर बाण लावला.

ती टूर पाहून महाडहून एक जोडपं आलं. विघ्नेश महाडच्या एमआयडीसीत नोकरीला होता, त्याला वसईच्या कंपनीत जागा मिळाली होती. त्याची बायको तेजस्वी, तिसरं वर्ष लागलेला मुलगा वेदांत, आणि विघ्नेशची आई सत्यवती. घर त्यांनी फोनवरच पसंत केलं होतं. प्रत्यक्ष येणं हा उपचार. पण बेडरूममध्ये आल्यावर विघ्नेशचा चेहरा उतरला.

"ही ती खिडकी नाही," तो म्हणाला.

"तीच आहे सर. फक्त ग्रिल आहे," जितेश म्हणाला.

"टूरमध्ये नव्हतं."

श्रीरंग सांगलीच्या ओढीने आधीच बांधाबांध करून बसले होते. व्यवहार मोडायला नको म्हणून त्यांनी ताबा द्यायच्या आधी कटर लावून ग्रिल कापून घेतलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. जितेशने हे ज्युलीला फोनवर हसत हसत सांगितलं. "तुम्ही कॉम्प्युटरवर उडवलं, काकांनी खरोखर उडवलं. पार्टी एकदम खूष. बघा, वहिनींनी तुमच्यासाठी व्हिडिओ पाठवलाय."

ज्युली वाडीत केळीच्या पानांखाली उभी राहून तो व्हिडिओ पाहत होती. तेजस्वीच्या मांडीवर मुलगा, पुढ्यात फोन. महाडच्या घरात रोज संध्याकाळी हा त्यांचा खेळ असावा. मुलाचं बोट हॉलच्या बाणावर, मग पॅसेजच्या, मग बेडरूमच्या. तिथे तो थांबला. आईकडे बघून हसला. खिडकीवर बोट ठेवलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "भुर्र."

मागून तेजस्वीचा आवाज आला, "कुठे गेला वेदू?"

"डोंगलावल."

खाली संदेश होता: थँक्यू ताई, हा रोज जातो तुमच्या खिडकीतून.

ज्युलीने फोन मिटला. पुन्हा उघडला. तिची लेक ॲनिशा आता कॉलेजात जात होती, पण लहानपणी ती आरशातल्या पोरीला बिस्कीट द्यायची आणि पोरगी घेत नाही म्हणून रडायची, हे ज्युलीला काल घडल्यासारखं आठवलं. त्या वयाला काच आणि वारा यांतला फरक कोण सांगणार? आणि ग्रिल नाही.

मार्सेल ओट्यावर वह्या तपासत बसला होता. त्याने व्हिडिओ पाहिला. "गोड आहे पोरगं."

"पलंग खिडकीखाली आहे, मार्सेल. मीच ठेवला होता."

"ते त्यांचा पलंग कुठेही ठेवतील."

"नाही ठेवणार. त्यांना घर टूरसारखं हवंय."

मार्सेलने चष्मा काढला. "आईबाप आहेत ना त्याचे? तू लोकांच्या घरात शिरतेस ती कामापुरती. काम झालं."

"झालं नाही," ज्युली म्हणाली.

तिने जितेशला फोन केला. "मॅडम, मुलं मोबाइलमध्ये गाड्या पण चालवतात," तो म्हणाला. "म्हणून काय खाली जाऊन रिक्षा चालवतात का?" वर त्याने असंही बजावलं की रजिस्ट्रेशन व्हायचंय, तोवर पार्टीला काही बोलू नका.

रजिस्ट्रेशन होईपर्यंत ज्युली थांबली. ते झालं, सामानाचा ट्रक आला असं कळलं, तशी ती वाडीतली वेलची केळी घेऊन फुलपाड्याला गेली. तेजस्वीने तिला दारातून ओढूनच आत नेलं. घर अगदी टूरसारखं लावलं होतं. सोफा तिथेच, कुंडी तिथेच. बेडरूममध्ये पलंग खिडकीखाली, त्यावर पांढरी चादर.

"जुळतंय ना?" तेजस्वीने विचारलं. "फोन समोर धरून लावलं आम्ही."

वेदांत पलंगावर उभा होता. सरकत्या काचेला त्याने तळहात लावले होते. मग एक बोट काचेवर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. काही होत नाही असं पाहून त्याने जोरात दाबलं.

"आल्यापासून हेच चाललंय," तेजस्वी हसत म्हणाली. "म्हणतो खिडकी हँग झाली."

ज्युली हसली नाही. मुलाला तिने उचलून खाली ठेवलं आणि तेजस्वीला समोर बसवून जे वाटत होतं ते सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. ग्रिल मी पुसलं, पलंग मी सरकवला, बाण मी लावला. तुझ्या मुलाला ही खिडकी म्हणजे दार आहे असं मी शिकवलंय. ऐकता ऐकता तेजस्वीचं हसू मावळलं. तिने मुलाकडे पाहिलं. तो पुन्हा पलंगावर चढत होता, चढायला त्याला कुणाची मदत लागत नव्हती.

संध्याकाळी तिचा फोन आला. विघ्नेश आधी कुरकुरला, मग कबूल झाला. ज्युलीने स्वतःच गिरीजच्या ओळखीच्या वेल्डिंगवाल्याला पाठवून माप घेतलं. तोवर खिडकी उघडायची नाही, असं तेजस्वीकडून वदवून घेतलं. "आणि पलंग हलवा," असंही सांगितलं. तेजस्वी हो म्हणाली, पण वास्तुशांतीला सगळे पाहुणे तेच घर बघायला येणार होते जे त्यांनी फोनवर पाहिलं होतं. पलंग राहिला.

ग्रिल तयार झालं त्याच्या आदल्या दिवशीच वास्तुशांत झाली. वेल्डिंगवाला टेम्पोत ग्रिल टाकून निघाला तेव्हा ज्युली त्याच्याबरोबर गेली. चौथ्या मजल्यावर चढवेपर्यंत दोघा माणसांना घाम फुटला. दारावर आंब्याचा टाळा, उंबऱ्यावर हळदकुंकू, आत अजून होमाचा वास. दार सत्यवतीबाईंनी उघडलं.

"हे काय?"

"खिडकीचं ग्रिल, आई," तेजस्वी मागून म्हणाली. "मी सांगितलं होतं."

"ते कळलं. पण आज?" सत्यवतीबाईंनी भिंतीकडे पाहिलं, जसं काही भिंत ऐकत होती. "काल वास्तुपुरुष निजवलाय जमिनीत. आज लगेच भिंतीला ड्रिल लावणार? आमच्याकडे वास्तुशांत झाली की लगोलग भिंतीला घाव घालत नाहीत. माझ्या सासूने नव्या घरात खुंटीसुद्धा ठोकू दिली नव्हती."

"आई, वेदूसाठी आहे."

"वेदूसाठीच म्हणते मी. चार दिवस जाऊ देत. सोमवारी बसवा. मी आहे की घरात, डोळ्यांत तेल घालून बघते त्याच्याकडे."

तेजस्वीने ज्युलीकडे पाहिलं. त्या पाहण्यात सरळ मागणं होतं, की तुम्ही बोला, मी सून आहे, मला बोलता येत नाही.

ज्युलीच्या तोंडाशी शब्द आला होता. "आजी," ती म्हणाली, "देव काही..."

"तुमच्यात नसेल," सत्यवतीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट समजावणीचा होता. "आमच्यात असतं. तुम्ही एवढी काळजी करता, बरं वाटतं हो. पण हे आमचं आम्हाला बघू द्या."

ज्युलीने वेल्डिंगवाल्याला ग्रिल मागे घ्यायची खूण केली. दुसऱ्याच्या देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. तिचं सगळं वळण त्या एका क्षणी तिच्या जिभेवर बसलं. ग्रिल जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकवून ठेवलं. वेल्डिंगवाला फुकटच्या फेरीबद्दल पुटपुटत उतरला. निघताना ज्युलीने सत्यवतीबाईंना नमस्कार केला, त्यांनी तिच्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला. तो तिने जिन्यात उभ्याने खाल्ला.

रविवारी ती चर्चमधून आली, माशांचं कालवण केलं, जेवणं झाली. दुपारी जितेशचा फोन आला. तो नेहमी "मॅडम" म्हणून सुरू व्हायचा आणि पुढे धावायचा. आज "मॅडम" म्हणून थांबला.

"फुलपाड्याचं कळलं का?"

ज्युली खाली बसली.

"लाईट गेली होती त्यांच्याकडे. पंखा बंद. आजी त्याला घेऊन पलंगावर पडल्या होत्या, उकडलं म्हणून काच जराशी सरकवली. डोळा लागला. वहिनी किचनमध्ये होत्या." तो पुन्हा थांबला. "खाली सायकलवर इस्त्रीवाला होता, त्याने बघितलं. तो म्हणतो, पोरगं हात पसरून होतं."

 

"मॅडम, एक काम करा," जितेश जरा वेळाने म्हणाला. त्याचा आवाज हलका झाला होता, लाजल्यासारखा. "ती टूर तेवढी काढून टाका. कुणी फॉरवर्ड केली तर उगाच आपलं नाव."

तिने ती टूर काढली. मग एकामागून एक सगळ्या टूर उघडल्या, एव्हरशाईन सिटीतल्या, आचोळ्यातल्या, नालासोपाऱ्यातल्या, आणि प्रत्येक खिडकीवरचा बाण काढला. जितेशने कारण विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्याची कामं आली नाहीत, तेही तिने विचारलं नाही.

फुलपाड्याला ती मयताला गेली होती, पण वर चढली नाही. खाली बायकांत उभी राहिली. तेजस्वी तिला दिसली नाही. सत्यवतीबाई खुर्चीवर होत्या, लोक वाकून बोलत होते, आणि त्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "सोमवारी बसवणार होतो." ज्युलीला पाहून त्यांनी तेच सांगितलं. ओळखलं की नाही, कळलं नाही.

मग बरेच दिवस गेले, आणि एक दिवस तेजस्वीचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता.

"ताई, ती लिंक उघडत नाही."

"काढली मी," ज्युली म्हणाली.

"परत लावा ना."

"तेजस्वी, कशाला?"

"तो रोज जायचा त्यातून. मला एकदा जायचंय."

हे मागणं एका आईचं आहे, एवढं ज्युलीला समजत होतं. पण ते कुठवर जाणार आहे, हे कळत नव्हतं, आणि ज्या बाईच्या हातात आपण एकदा न कळता खिडकी दिली, तिच्या हातात पुन्हा, आता सगळं कळून, कशी द्यायची?

"मी येते," ती म्हणाली. "मी आल्याशिवाय नाही."

विघ्नेश कामावर होता, सत्यवतीबाई महाडला परत गेल्या होत्या. खिडकीला ग्रिल बसलं होतं. पलंग आता भिंतीला उभा करून ठेवला होता आणि तेजस्वी खाली चटईवर बसली होती. दाराशी एक लहान निळा सँडल होता, ज्युलीच्या सवयीच्या नजरेला तो लगेच दिसला. तो तिने उचलला नाही. ती चटईवर तेजस्वीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली आणि स्वतःच्या फोनवर टूर उघडून दिली. बाण तिने परत लावला होता. पुष्कळ विचार करून लावला होता.

तेजस्वीने हॉलच्या बाणावर बोट ठेवलं. मग पॅसेजच्या. मग पांढरी चादर, मोकळी खिडकी. तिथे ती थांबली. ज्युलीने तिचा दुसरा हात धरला. तेजस्वीने खिडकीवर बोट टेकवलं आणि दोघी बाहेर आल्या. समोर डोंगर, त्यावर ऊन, पायऱ्यांवर ठिपक्यांएवढी माणसं.

"छान आहे," तेजस्वी म्हणाली. थोड्या वेळाने तिने बोट चित्रावर ठेवून वर ओढायला सुरुवात केली. डोंगर वर सरकला, मग समोरच्या इमारतींच्या गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, मग खालचे मजले. तिला खाली बघायचं होतं. ज्युलीने तिला अडवलं नाही, कारण खाली काय आहे हे तिला ठाऊक होतं. कॅमेऱ्याची काठी दिसू नये म्हणून सगळेच टूरवाले अगदी खाली एक गोल चिकटवतात. या टूरमध्येही होता. तेजस्वीचं बोट तिथे जाऊन थांबलं. जिथे रस्ता असायला हवा होता तिथे जितेशच्या ऑफिसची निळी गोल खूण होती, त्यावर त्याचा फोन नंबर आणि 'आजच भेटा'.

तेजस्वीने ते वाचलं. पुन्हा ओढून पाहिलं. चित्र त्यापुढे जात नव्हतं.

"हे काढता येतं का?" तिने विचारलं.

"येतं," ज्युली म्हणाली. "पण खाली नुसती काठी आहे. माझा हात आहे काठीवर."

"चालेल," तेजस्वी म्हणाली. "तेवढं काढा."